एकसष्टच्या आधी

डिप्लोमाला चौऱ्याऐंशी टक्के.
थेट दुसऱ्या वर्षाला सीट लागली, वाशीत, इलेक्ट्रिकलला,
तेव्हा दिघ्याच्या टेकडीवर कुणी पेढे वाटले नाहीत.
सीट लागणं आणि सीट मिळणं
यांच्या मधे एक खिडकी असते,
हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

खिडकीतल्या ताम्हाणे बाईंचा आवाज वाईट नव्हता.
डोमिसाइल? नाही.
जन्मदाखला?
मुरबाडच्या रस्त्याला पाल ठोकलं होतं, तिथे जन्मले मी.
त्या पालाला नंबर नव्हता.
मग वडिलांचा, आजोबांचा,
एकसष्टच्या आधीचा, जात लिहिलेला
कुठलाही एक कागद आण, बाळ.
बाळ म्हणाल्या.
त्यानेच जास्त रडू आलं.

एकसष्टच्या आधी आम्ही कुठे होतो?
जात्यांना टाकी लावत गावोगाव.
दगडावर छिन्नीचे बारीक खड्डे
एवढंच आमचं अक्षर,
तेही दळता दळता झिजलं
आणि पिठातून लोकांच्या पोटात गेलं.
त्याची खरी प्रत कुठून आणू?

आधारवर मी पुतळा, मार्कशीटवर पुतळाबाई,
शाळेच्या दाखल्यावर कुणा गुरुजींच्या घाईत पुताळा.
नोटरीने स्टॅम्पपेपरवर तिघींची ओळख करून दिली.
ठाण्याला तहसील, बेलापूरला कोकण भवन,
परत ठाणे, कारण एक सही निळ्या शाईत नव्हती.
झेरॉक्सवाला आता पैसे मागत नाही,
शेवटी एकदम हिशोब करू म्हणतो.
रिपोर्टिंगला चार दिवस.
मग तीन.

त्या रात्री कळव्याहून अंकुशनाना आले, थोरले चुलते.
चहा घेतला नाही.
पत्र्याच्या डब्यातून, जुन्या पंचांगाच्या पानात गुंडाळलेलं
काहीतरी काढून मांडीवर ठेवलं.
पिवळं. चार घड्या, घडीघडीवर विरलेलं.

इसम नामे दगडू वलद सटवा.
जात टकारी. गुन्हेगार जमात.
बाजाराकामी परगावी जाण्यास परवाना, मुदत आठ दिवस.
मुक्कामी रोज रात्री पाटलाकडे हजेरी देणे.
खाली डाव्या हाताचा अंगठा.
सन सेहेचाळीस.

बापानं जाळायला सांगितलं होतं, नाना म्हणाले.
दोनदा चुलीपर्यंत नेला.
पण दुसरं काहीच नव्हतं गं, त्याच्या नावाचं.

ताम्हाणे बाईंनी चष्मा कपाळावर चढवला,
परत खाली घेतला, परत वाचलं,
आणि खऱ्याखुऱ्या आनंदाने म्हणाल्या,
अगं, हे तर उत्तमच झालं!
मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.
बराच वेळ त्या स्टेपलर शोधत राहिल्या.
तो समोरच होता.
मी म्हटलं, टाचू नका बाई, फाटेल.
झेरॉक्स घ्या.

व्हॅलिडिटी नाही, व्हॅलिडिटीची पावती मिळाली.
चालते म्हणे, काही महिने.

आज वर्गात बसले.
सेमिस्टर निम्मं उरकलेलं, फळ्यावर ट्रान्सफॉर्मर,
बाकीच्यांचा तो कालचाच ओळखीचा.
सर हजेरी घेतात.
माझं नाव यादीत नाही अजून.
आजोबाला यादीतून गळायची सोय नव्हती,
मला चढायची नाही.
कागद नानांनी परत नेला, त्याच डब्यात.
जाळतील की ठेवतील, विचारायचं राहिलं.

तास संपल्यावर पुढे गेले.
सरांनी सगळ्यात खाली, पेन्सिलीने लिहायला घेतलं.
पुतळा? नुसतं पुतळा?
हो म्हटलं,
आणि कसं लिहितायत ते
टेबलावर वाकून बघत राहिले.